किंता दा रेगालेइरा: सिंत्रातील विक्षिप्त वाडा, त्याची गूढ बाग आणि बेळगावकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालमधील सिंत्रा या डोंगरगावातील किंता दा रेगालेइरा पाहून आमचा लहानसा गट बेळगावला परतला, त्याला आता वर्ष होत आले. तेव्हापासून शहापूर, टिळकवाडी, खानापूर आणि थेट निपाणीपर्यंतच्या ओळखीच्या व अनोळखी मंडळींचे प्रश्न येत राहिले असून त्यांतील बरेचसे एकसारखे आहेत. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हा खटाटोप केला आहे.

किंता दा रेगालेइरा म्हणजे नेमके काय आहे?

पोर्तुगीज भाषेत 'किंता' म्हणजे घर, बाग, पाणी आणि कुंपण यांसह असलेली मोठी मालमत्ता. आपल्याकडे 'मळ्यातला वाडा' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते, त्याच्या बऱ्याच जवळ जाणारा हा शब्द आहे. 'रेगालेइरा' हे नाव 19व्या शतकात ही जागा ज्या बॅरोनेसच्या मालकीची होती तिच्या पदवीवरून राहिले. सिंत्राच्या जुन्या पेठेपासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या उतारावर पसरलेल्या या सुमारे 4 हेक्टर, म्हणजे जवळपास 10 एकर जागेत एक नक्षीदार वाडा, एक प्रार्थनामंदिर, मनोरे, तळी, कृत्रिम गुहा, भुयारे आणि दोन अशा विहिरी आहेत, की ज्या पाण्यासाठी कधीच खोदल्या गेल्या नाहीत. युनेस्कोने 1995 मध्ये सिंत्राचा समावेश जागतिक वारशात केला आणि ही किंता त्याच परिसरात मोडते.

ही जागा कोणी उभारली, आणि इतकी विचित्र का उभारली?

आंतोनियो आउगुस्तो कार्व्हाल्यो मोंतेइरो यांचा जन्म 1848 मध्ये ब्राझीलमधील रिओ दे जानेरो येथे पोर्तुगीज कुटुंबात झाला. ब्राझीलमधील कॉफी आणि रत्ने यांच्या व्यापारातून आलेली अफाट संपत्ती त्यांना वारशाने मिळाली होती, आणि लोकांनी त्यांना 'लक्षावधींचा मोंतेइरो' असे टोपणनावच पाडले होते. कोइंब्रा विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण आयुष्य घालवले ते संग्रहात. फुलपाखरे, दुर्मिळ ग्रंथ, कामोइंश या कवीसंबंधीचे साहित्य, आणि घड्याळे. लरॉय या फ्रेंच घराण्याकडून त्यांनी खास करवून घेतलेले खिशातले घड्याळ 1904 मध्ये पूर्ण झाले; ते त्या काळातील सर्वांत गुंतागुंतीच्या घड्याळांपैकी एक मानले जाते आणि आज फ्रान्समधील बेझाँसाँ येथील संग्रहालयात आहे. ज्या माणसाला खिशात वेळेबरोबर खगोलशास्त्रही हवे होते, त्याची बाग साधी असण्याची शक्यता नव्हतीच.

मालमत्ता 1890च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या हाती आली आणि मुख्य बांधकाम 1904 ते 1910 या काळात झाले. मात्र या जागेची खरी किल्ली मालकापेक्षा त्यांनी निवडलेल्या कलावंताकडे आहे, असे माझे मत आहे. लुइजी मानीनी हा इटालियन कलावंतही 1848 चाच. मिलानच्या ला स्काला या प्रसिद्ध संगीतनाट्यगृहात नेपथ्याचे काम केलेला हा माणूस 1879 मध्ये लिस्बनच्या साऊं कार्लुश नाट्यगृहासाठी पडदे आणि देखावे रंगवायला आला आणि पुढे इमारतीही रचू लागला. म्हणजे या बागेतील प्रत्येक वळण, प्रत्येक आडपडदा आणि गुहेतून अचानक उजेडात बाहेर पडण्याचा प्रत्येक क्षण एका नेपथ्यकाराने आखलेला आहे. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. नाटक कंपन्यांचे रंगवलेले पडदे, त्यांवरचे राजवाडे आणि अरण्ये यांच्या आठवणी ज्या घरांतून अजून सांगितल्या जातात, तेथील माणसाला ही बाग समजायला वेळ लागू नये. फरक इतकाच, की इथे अरण्याचा पडदा खरोखरीच्या झाडांचा आणि दगडांचा आहे आणि प्रेक्षकालाच त्यातून चालत जायचे आहे.

बांधकाम पूर्ण होत आले त्याच 1910 साली पोर्तुगालमधील राजेशाही संपली. मोंतेइरो राजेशाहीचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे जुन्या पोर्तुगालच्या वैभवाची आठवण म्हणून उभारलेले हे घर पूर्ण होताच जुने पोर्तुगाल संपले, असेच म्हणावे लागते. 1920 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर 1942 मध्ये ही जागा दुसऱ्या कुटुंबाकडे, 1987 मध्ये एका जपानी कंपनीकडे आणि 1997 मध्ये सिंत्रा नगरपालिकेकडे गेली. 1998 पासून ती सर्वांसाठी खुली आहे.

येथे गुप्त पंथाचे विधी होत असत, हे खरे आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज आपोआप खाली येतो.

बागेत चिन्हांचा सुकाळ आहे, यात शंका नाही. टेंप्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धा-संघटनेचा क्रूस, पाच टोकांचा तारा, डोळा असलेला त्रिकोण, कड्यांचा खगोलगोल, प्रार्थनामंदिराच्या तळघरातील काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी ही सर्व चिन्हे खरोखरीच तेथे आहेत, आणि त्यांवरून फ्रीमेसन, रोझिक्रुशियन, किमयागार अशा अनेक पंथांशी ही जागा जोडली जाते. परंतु मोंतेइरो स्वतः फ्रीमेसन होते असा कागदोपत्री पुरावा नाही. ते पुराणमतवादी कॅथलिक म्हणून ओळखले जात. शिवाय टेंप्लर क्रूसाचा अर्थ पोर्तुगालमध्ये वेगळा लागतो. टेंप्लर संघटना बरखास्त झाल्यावर तिची पोर्तुगालमधील मालमत्ता 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या संघटनेकडे गेली आणि त्याच संघटनेचा तांबडा क्रूस वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता. म्हणून ज्या चिन्हात परदेशी प्रवाशाला गुप्त कट दिसतो, त्यात पोर्तुगीज माणसाला शालेय इतिहासाचे पुस्तक दिसते.

वाटाडे मात्र 'विधी' सांगितल्याशिवाय राहत नाहीत. ऐकावे, पण ते नाटकाच्या संहितेसारखे ऐकावे. रहस्याचा उलगडा करायचाच, असे ठरवून जाणारे लोक एका चिन्हाकडून दुसऱ्या चिन्हाकडे धावत सुटतात आणि बाग पाहायची राहून जाते.

दीक्षेची विहीर म्हणून ज्या विहिरीचे फोटो सर्वत्र दिसतात, तिच्यात उतरता येते का? ती पाहून नेमके काय समजते?

उतरता येते, आणि उतरायलाच हवे. ही विहीर सुमारे 27 मीटर खोल आहे. हिशेबाने सांगायचे तर नऊ मजली इमारत जमिनीत उलटी पुरावी इतकी. तिला 'उलटा मनोरा' म्हणतात ते त्यामुळेच. आतल्या भिंतीला लागून गोल जिना खाली जातो, त्याच्या एका बाजूस खांब आणि कमानी आहेत, आणि जिन्याचे टप्पे नऊ आहेत. या नऊ टप्प्यांचा संबंध बहुधा दान्ते या इटालियन कवीने वर्णन केलेल्या नरकाच्या नऊ वर्तुळांशी लावला जातो. तळाशी संगमरवरी नक्षीत अष्टदिशांचे होकायंत्र आणि त्याखाली टेंप्लर क्रूस कोरलेला आहे.

बाहेरून ही विहीर दिसत नाही. बागेच्या वरच्या, रानटी भागात शेवाळलेल्या मोठमोठ्या शिळांचा एक ढीग आहे. त्या शिळांपैकी एक म्हणजे फिरणारा दगडी दरवाजा आणि त्याच्या आत थेट विहिरीचा काठ. येथेही नेपथ्यकाराची युक्ती दिसते, कारण ओबडधोबड दगडांतून आत पाऊल टाकताच डोळ्यांसमोर एकदम रेखीव कमानींची रांग उभी राहते. नंतर पायऱ्या उतरत जावे तसा वरचा आकाशाचा गोल लहान होत जातो, अंगाला गारवा लागतो, माणसांचे आवाज घुमू लागतात आणि तळाशी पोहोचल्यावर परत वर जायचे नसते. तेथून भुयारे फुटतात.

आमच्या गटातील एका ज्येष्ठ बाईंनी तळाशी उभे राहून वर पाहिले आणि विचारले, की एवढी विहीर खणली तर पाणी कसे लागू दिले नाही? हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. त्या टिळकवाडीच्या, आणि लहानपणापासून पाहिलेली काँग्रेस विहीर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी, जमणाऱ्या हजारो माणसांच्या पाण्याची सोय म्हणून ती खोदली होती आणि 'पंपा सरोवर' असे तिला नाव दिले होते. ज्या गावात विहीर म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे माणसांची सोय, त्या गावातून आलेल्या माणसाला केवळ उतरून जाण्यासाठी खणलेली विहीर पाहून आधी नवल वाटते, मग थोडा रागही येतो, आणि हळूहळू ती आवडू लागते. मला स्वतःला हा क्रम त्याच दुपारी अनुभवावा लागला.

याच बागेत 'अपूर्ण विहीर' नावाची दुसरी लहान विहीरही आहे. तिचे दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवले आहेत आणि वलयासारखे मजले सरळ जिन्यांनी जोडले आहेत. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. पाच मिनिटे शांतपणे उभे राहायचे असेल तर तेथेच राहावे.

बाग कोणत्या क्रमाने पाहावी?

बहुतेक लोक प्रवेशद्वारातून थेट मोठ्या विहिरीकडे धावतात आणि रांगेत उभे राहतात. सकाळी पहिल्या फेरीत आत गेला असाल तर तसेच करावे, कारण त्या वेळी रांग लहान असते. उशिरा पोहोचला असाल तर घाई सोडून द्यावी, खालची बाग आधी पाहावी आणि विहीर दिवसाच्या शेवटी ठेवावी.

बागेची मांडणी समजून घेतली तर चालणे सार्थकी लागते. खालचा, वाड्याजवळचा भाग आखीवरेखीव आहे. जसजसे वर चढावे तसतशी झाडी दाट आणि रानटी होत जाते. आदिम निसर्गाबद्दल मोंतेइरोंना वाटणारी ओढ त्यातून दाखवायची होती, असे मानले जाते. खालच्या रस्त्यावर 'देवांची वाट' आहे, जिच्या कडेने ग्रीक-रोमन देवदेवतांचे नऊ पुतळे उभे आहेत: हर्मीस, व्हल्कन, डायोनिसस, पॅन इत्यादी. त्यापुढे 'रक्षकांचे द्वार' आहे, जे समोरून दोन मनोऱ्यांच्या मधले एक कारंजे वाटते आणि मागून मात्र भुयाराचे तोंड असते.

जिच्यापाशी आवर्जून थांबावे अशी एक जागा म्हणजे '515ची बाक'. ही दगडी बाक आहे, तिच्या दोन टोकांना शिकारी कुत्रे आणि मधे हातात मशाल घेतलेली स्त्रीमूर्ती. रोमन अंकांत 515 लिहिले की जी अक्षरे येतात, ती दान्तेच्या काव्यातील एका कूट भाकितातली आहेत. तिकडे लोक बसून पाणी पितात आणि पुढे जातात. मीही प्रथम तसेच केले होते.

भुयारांतून बाहेर पडणारा सर्वांत सुंदर मार्ग धबधब्याच्या तळ्यापाशी निघतो. काळोखातून वळण घेत यावे, समोर पाण्याचा पडदा दिसावा आणि त्यामागून तळ्यातील दगडांवर पाय ठेवत पलीकडे जावे, अशी ती रचना आहे. दगडांवरून जाण्याची मुभा त्या दिवशीची ओल आणि गर्दी यांवर ठरते. कर्मचारी अडवतील तर वाद घालू नये.

वाडा आतूनही पाहावा का?

पाहावा, पण आधी बाग पाहून घ्यावी. वाड्याची शैली पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानुएल शैलीचे पुनरुज्जीवन आहे. दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती आणि जहाजांशी संबंधित आकार दगडात कोरणे ही तिची ओळख. मानुएलच्याच कारकिर्दीत, 1498 मध्ये, वास्को द गामा मलबारच्या किनाऱ्यावर उतरला होता. ही शैली पाहण्यासाठी खरे तर एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही, कारण जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचे मुख्य द्वार त्याच शैलीचे आहे. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी पुढच्या खेपेस ते द्वार नीट पाहून ठेवावे आणि मग सिंत्राला जावे. दगडातला दोर दोन्हीकडे ओळखता येईल.

आतील ग्रंथालयात कपाटांच्या तळाशी जमिनीलगत आरसे बसवलेले आहेत, त्यामुळे फरशी हवेत तरंगत असल्याचा भास होतो आणि कठड्याशिवाय उभे असल्यासारखे पाय थबकतात. बाकी दालनांतील मूळ सामान फारसे उरलेले नाही.

व्हिसासाठी पणजीत अर्ज करता येईल का?

पणजीत पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे, हे खरे. तरीही आपला अर्ज कोठे स्वीकारला जाईल, हे आपण कोठे राहतो यावर ठरते, घरापासून कोणते शहर जवळ आहे यावर नव्हे. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाला एका एजंटाने 'पणजी जवळच आहे, तिथेच देऊ' असे सांगून दोन आठवडे वाया घालवले होते. म्हणून कर्नाटकातील पत्ता असणाऱ्यांनी आपले केंद्र कोणते, हे अर्जाआधी अधिकृत संकेतस्थळावर तपासावे.

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दिलेला असावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र दोन-तीन महिने आधीच वेळ घ्यावी. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, सेवाशुल्क वेगळे. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान तीन महिने शिल्लक असावी लागते.

आपल्या भागातील लोकांची एक खास अडचण येथे सांगणे भाग आहे. शहराचे अधिकृत नाव 2014 मध्ये बदलले असल्याने जुन्या पासपोर्टवर किंवा दाखल्यांवर 'बेळगाव' आणि आधार कार्डावर किंवा बँकेच्या कागदांवर 'बेळगावी' असे असते. दोन्ही नावे एकाच शहराची आहेत, असे एक वाक्य अर्जासोबतच्या पत्रात लिहावे. आम्ही सर्वांनी तसे लिहिले आणि कोणालाही त्याबद्दल विचारणा झाली नाही.

बेळगावहून तेथे पोहोचायचे कसे?

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून, किंवा गोव्याहून, मुंबई, दिल्ली अथवा बेंगळुरू गाठावे आणि तेथून दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टसारख्या एखाद्या ठिकाणी विमान बदलून लिस्बनला उतरावे. घड्याळाच्या बाबतीत पोर्तुगाल आपल्या मागे आहे: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास.

लिस्बनच्या रोसियू स्थानकातून सिंत्राला लोकल गाडी जाते आणि सुमारे 40 मिनिटे लागतात. रोसियू स्थानकाच्या दर्शनी भागावरची घोड्याच्या नालासारखी दोन मोठी दारे अवश्य पाहावीत. तीही 19व्या शतकातील त्याच पुनरुज्जीवित मानुएल शैलीची आहेत, त्यामुळे रेगालेइराची तोंडओळख गाडीत बसण्याआधीच होते. सिंत्रा स्थानकापासून किंतापर्यंत रमतगमत 25 ते 30 मिनिटांची पायपीट आहे आणि रस्ता चढउताराचा असला तरी देखणा आहे. चालायचे नसेल तर स्थानकाबाहेरून बस मिळते. भाड्याची मोटार घेऊन जाऊ नये. जुन्या पेठेतील रस्ते अरुंद आहेत, वाहनांवर निर्बंध आहेत आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.

तिकीट आधी काढावे का?

होय. प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पेना आणि मोंसेरात हे सिंत्रातील दुसरे राजवाडे वेगळ्या संस्थेकडे आहेत, त्यामुळे त्यांचे एकत्रित तिकीट येथे चालत नाही. दर आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून त्या रेगालेइराच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात.

जाण्यासाठी कोणता ऋतू चांगला?

सिंत्राचे हवामान लिस्बनपेक्षा वेगळे आहे. अटलांटिक समुद्रावरून येणारी ओली हवा या डोंगराला अडते आणि लिस्बनला कडक ऊन असतानाही येथे धुके व गारवा असू शकतो. पावसाळ्याच्या शेवटी जांबोटी किंवा आंबोलीकडे गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल, फक्त येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो. मे ते सप्टेंबर हवा उत्तम, पण गर्दी फार. आमच्या सुट्ट्यांमुळे आम्ही मे महिन्यात गेलो आणि विहिरीच्या रांगेत जवळजवळ तासभर उभे राहिलो. सुट्टीचे बंधन नसलेल्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा. कॅमेलियाची झाडे फुललेली असतात, रांगा लहान असतात आणि खरे सांगायचे तर ही बाग उन्हापेक्षा धुक्यात अधिक शोभते. छत्रीऐवजी टोपी असलेला रेनकोट न्यावा, कारण भुयारात आणि जिन्यावर उघडी छत्री अडचणीची होते.

गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना हे जमेल का?

संपूर्ण बाग जमणार नाही, हे आधीच मान्य करावे. पायऱ्या ओल्या, काही ठिकाणी झिजलेल्या आहेत, चढ सरळ अंगावर येतो आणि भुयारांत उजेड मोजकाच आहे. विहिरीत अर्ध्यावर थांबून परत फिरणे मागून येणाऱ्या गर्दीमुळे कठीण जाते. त्यामुळे ज्यांना शंका आहे त्यांनी विहिरीत उतरूच नये. देवांची वाट, प्रार्थनामंदिर, वाडा आणि खालची तळी एवढे पाहूनही दोन तास आनंदात जातात. आमच्यातील दोघे जण तसेच थांबले आणि आम्ही धापा टाकत परतलो तेव्हा ते बाकावर बसून कॉफी पीत होते. कोणाचा दिवस अधिक चांगला गेला, हे सांगणे कठीण आहे. पादत्राणे मात्र सर्वांनी घट्ट, रबरी तळव्याची घालावीत. चपला घालून गेलेल्या एका गृहस्थांना तळ्याच्या दगडांवर जी कसरत करावी लागली, तिचे वर्णन त्यांनी करू नका असे सांगितले आहे.

लहान मुलांना कंटाळा येतो का?

मुळीच नाही. तेथे कंटाळतात ती मोठी माणसे. मुलांच्या हाती लहान विजेरी द्यावी आणि भुयारात त्यांचा हात सोडू नये.

शाकाहारी माणसाच्या खाण्याचे काय?

हा प्रश्न व्हिसाच्या खालोखाल विचारला जातो. लिस्बनमध्ये भारतीय उपाहारगृहे मिळतात, सिंत्रात पर्याय कमी आहेत. पाव, चीज, सॅलड, ऑम्लेट आणि भाज्यांचे सूप मिळते. परंतु 'काल्दु व्हेर्द' नावाच्या हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्ये बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात, म्हणून मागवण्याआधी विचारावे. सिंत्राची प्रसिद्ध मिठाई म्हणजे 'केजाद', ताज्या चीजची छोटी वाटी, आणि 'त्राव्हेसेरू', म्हणजे उशीच्या आकाराचा बदामी सारण भरलेला खारीसारखा पदार्थ. दोन्हींत अंडे असते. अंडे न खाणाऱ्यांनी बेळगावचा कुंदा आणि चिवडा-चकल्या सोबत न्याव्यात. किंताच्या बाहेर, झाडाखाली बसून खाल्लेला कुंदा ही आमच्या सहलीतील सर्वांत यशस्वी न्याहारी ठरली.

पोर्तुगीज भाषा येत नसेल तर अडते का?

इंग्रजीवर काम भागते. तरीही आपण समजतो त्यापेक्षा जास्त पोर्तुगीज शब्द आपल्या घरात आहेत: पाव, पगार, बटाटा, बालदी, घमेले, फीत, चावी. आपल्या 'चावी'साठीचा त्यांचा शब्द 'शाव्ह' असा उच्चारतात. या किंताच्या बाबतीत तो शब्द विशेष लक्षात राहतो, कारण मोंतेइरोंचे लिस्बनमधील घर, ही किंता आणि मानीनीनेच रचलेली त्यांची लिस्बनच्या दफनभूमीतील कबर या तिन्हींचे दार एकाच चावीने उघडत असे, असे तेथे सांगितले जाते. फलकांवर 'पोसू' म्हणजे विहीर, 'ग्रुता' म्हणजे गुहा, 'तोर' म्हणजे मनोरा आणि 'साईदा' म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग. शेवटचा शब्द भुयारात उपयोगी पडतो.

एकाच दिवसात पेना राजवाडाही होईल का?

होतो, पण दोन्ही अर्धवट होतात. रेगालेइराला किमान तीन तास द्यावेत. जोडीला काही हवेच असेल तर त्याच रस्त्याने पुढे असलेले मोंसेरात निवडावे. फ्रान्सिस कुक या इंग्रज कापड व्यापाऱ्याचा तो वाडा असून त्याच्या बागेत भारतातून नेलेली एक कोरीव दगडी कमान उभी आहे.

सिंत्राचा भारताशी आणखी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ऐकून मन थोडे खट्टू होते. रेगालेइरापासून जवळच 'पेन्या व्हेर्द' नावाची दुसरी किंता आहे. ती दों जुआंव द कास्त्रो यांची. 1545 पासून पोर्तुगीज भारताचा कारभार त्यांच्याकडे होता आणि 1548 मध्ये गोव्यातच त्यांचा मृत्यू झाला. सोमनाथ पाटण येथील एक संस्कृत शिलालेख त्या काळात उचलून सिंत्राला नेण्यात आला. गुजरातच्या वाघेला घराण्यातील सारंगदेव राजाच्या कारकिर्दीतील, 1287 मधील हा लेख शैव मठाधिपती त्रिपुरांतकाने बांधलेल्या मंदिरांची हकिकत सांगतो आणि पुराभिलेखांच्या अभ्यासकांत तो आजही 'सिंत्रा प्रशस्ती' याच नावाने ओळखला जातो. सोमनाथच्या लेखाला पोर्तुगीज गावाचे नाव चिकटावे, हे मला विहिरीतल्या कोणत्याही चिन्हापेक्षा अधिक गूढ वाटते. पेन्या व्हेर्द खासगी मालकीची आहे, त्यामुळे ती बाहेरूनच पाहावी.

पोर्तुगालला जाणे जमणार नाही. आपल्याकडे असे काही आहे का?

हुबेहूब असे नाही. परंतु पाणी आणि मौज यांचा मेळ पाहायचा असेल तर विजयपूरजवळील (म्हणजे जुन्या विजापूरजवळील) कुमटगी येथील आदिलशाही जलमहाल पाहावेत. तळ्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या लहान इमारतींत कारंज्यांसाठी नळांची केलेली योजना अजून दिसते आणि भिंतींवर जुनी चित्रे पुसट का होईना शिल्लक आहेत. विजयपुरातच ताज बावडी आहे. तिच्या भव्य कमानीखालून पायऱ्या उतरताना सिंत्राच्या विहिरीची आठवण येते. फक्त हिच्या तळाशी पाणी आहे.

आत फोटो काढता येतात का?

बागेत काढता येतात, फक्त विहिरीच्या जिन्यावर थांबून रांग अडवू नये. सर्वांना हवा असतो तो फोटो तळाशी, होकायंत्राच्या मधोमध उभे राहून, कॅमेरा सरळ वर धरून काढलेला. वरून पाऊस पडत असेल तर भिंग पुसायला कोरडा रुमाल खिशात असू द्यावा.